सातशे पन्नासपैकी दोनशे ब्याऐंशी

आमच्या रिसोडच्या पोरांशी बोललं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "भाऊ, बी.ए.ले पंचेचाळीस टक्के हायेत. आता पुढं कोन घेनार आपल्याले?" टक्क्यांचा हा धाक जुना आहे. बाबासाहेबांच्या फोटोला आपण हार घालतो, पण त्यांचे मार्क किती होते हे कुणी विचारत नाही. मित्रांनो, ते विचारा.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. ७५० पैकी २८२ मार्क. शेकडा ३८ सुद्धा पुरते नाहीत. पण हे मार्क मिळवले कुठं? परळच्या डबक चाळीत. खोली एक, त्यातच चूल, त्यातच जातं, त्यातच सगळं बिऱ्हाड. रात्री दोनपर्यंत सुभेदार रामजी जागे राहायचे. मग पोराला उठवून त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पोरगा तिथून पुढं दिव्याच्या उजेडात वाचायचा. संस्कृत शिकायचं होतं, अस्पृश्य म्हणून नाकारलं, फारसी घ्यावी लागली. पेपर तपासणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात ते २८२.

आपल्या माणसांना मात्र दिसलं. त्यांनी सभा भरवली, सी. के. बोले अध्यक्ष. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हातात दिलं. पुढं कॉलेजचा खर्च बापाला झेपेना, तेव्हा हेच गुरुजी सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महिना पंचवीस रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालं. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोचले.

तिथं त्यांनी काय केलं बघा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५. १९१५ ला एम.ए. १९१६ ला जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. प्रोफेसर सेलिग्मन यांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून लंडनला शिफारस करताना त्यांना मॅट्रिकचे मार्क आठवायची गरज पडली नाही. लंडनलाही सुख नव्हतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ ला अर्ध्यातून परत यावं लागलं. नोकरी करून पैसे साठवले, काही उसने घेतले, १९२० ला पुन्हा गेले. १९२३ ला डी.एस्सी.चा प्रबंध दुरुस्तीसाठी माघारी आला. दुरुस्त करून पुन्हा पाठवला, पदवी घेतली.

या इतिहासाचा अर्थ साधा आहे. मार्क सांगतात तुम्ही कुठल्या खोलीतून निघालात. तुम्ही कुठवर जाल हे ते सांगत नाहीत. ते ठरतं पुढच्या कामावर, तुमचं काम ओळखणाऱ्या शिक्षकावर आणि वेळेवर हातात पडलेल्या पैशावर.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथं सकाळचे वर्ग ठेवले, कारण पोटासाठी राबणाऱ्यालाही शिकता यावं. १९५० ला औरंगाबादला मिलिंद. मराठवाड्यातली, आमच्या वऱ्हाडातली पोरं वळकटी घेऊन तिथं गेली आणि शिकून आली. दार उघडं ठेवलं तर माणूस आत येतो.

आज दार किती उघडं आहे? नेटला बसायला खुल्या गटाला एम.ए.त ५५ टक्के लागतात, आपल्याला ५०. हे पाच टक्के कुणी भीक दिलेली नाही. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीला मात्र ६० टक्क्यांची अट आहे. दिवसा सोयाबीनची पोती उचलून रात्री वाचणाऱ्या पोराचे ५८ आणि ट्यूशन लावून आलेले ६० यांचं वजन एकाच काट्यावर कसं करता? हा सवाल आपण संघटनेतून विचारलाच पाहिजे.

आणि पोरांनो, तोवर हातावर हात ठेवून बसू नका. २८२ चा दाखला आळसाला ढाल म्हणून वापराल तर तो बाबासाहेबांचा अपमान आहे. बी.ए.चे ४५ आता बदलत नाहीत, एम.ए.चे अजून तुमच्या हातात आहेत. जिथं जागा मिळेल तिथं शिरा. एका चांगल्या मास्तराला स्वतःचं लिहिलेलं दाखवा. मी डाळ मिलमधला हमाल, मला कुणी शिकवलं नाही, तरी एवढं वाचून कळलं. तुमच्याकडे तर पदवी आहे. अर्ज भरा.

जयभीम.