एमपी३ फाइलमधून नेमकं काय गायब होतं? १२८ची फाइल ३२०ची केली तर आवाज सुधारतो का?

गाणं डाउनलोड करताना १२८ केबीपीएस की ३२० केबीपीएस, असा पर्याय येतो. मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज, हे बरोबर आहे. म्हणूनच अनेक जण मोबाईलमधली जुनी १२८ची फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकून ३२०ची करून घेतात. त्याने आवाज सुधारत नाही. फाइल तेवढी अडीच पट मोठी होते.

याचं कारण एमपी३ तयार कशी होते, यात आहे.

सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक नोंद १६ बिटची, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तेच मिनिट जेमतेम १ एमबीत बसतं.

मग बाकीचे ९ एमबी गेले कुठे?

झिप फाइल उघडली की आतलं सगळं जसंच्या तसं परत मिळतं. एमपी३मध्ये तसं होत नाही, कारण ती कानाच्या मर्यादेचा फायदा घेते. लोकल धडधडत प्लॅटफॉर्मवर येते तेव्हा शेजारचा माणूस बोलतच असतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो. याला 'मास्किंग' म्हणतात. गाण्यातही प्रत्येक क्षणी असे झाकलेले आवाज असतात. एमपी३ तयार करणारं सॉफ्टवेअर ते शोधतं आणि ढोबळपणे नोंदवतं किंवा सरळ गाळून टाकतं. एकदा गाळलेलं कोणताही कन्व्हर्टर परत आणू शकत नाही.

हे तंत्र विकसित करण्यात जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा आहे. तिथले संशोधक कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं वापरलं होतं. त्यात वाद्यं नाहीत, फक्त आवाज. त्यामुळे चूक लपायला जागाच नव्हती! फाइलच्या नावापुढचं 'एमपी३' हे शेपूट १९९५ सालच्या जुलैमध्ये ठरलं. २०१७मध्ये पेटंटचा परवाना कार्यक्रम बंद झाला, तेव्हा 'एमपी३चा मृत्यू' अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात उलटं झालं होतं, ती वापरायला सगळ्यांना मोकळी झाली होती.

गाणी ऐकण्यापुरतं हे नुकसान फारसं जाणवत नाही. प्रश्न येतो तो पुन्हा न मिळणाऱ्या आवाजांचा. आजीच्या ओव्यांची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेत असाल, तर मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक फॉरमॅटमध्येच ठेवा. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते, पण काहीही गाळलं जात नाही. नातेवाइकांना पाठवायला त्यावरून वेगळी एमपी३ करता येते. एमपी३ नुसती कॉपी केल्याने किंवा तिचं नाव बदलल्याने काही बिघडत नाही, मात्र एडिट करून पुन्हा एमपी३मध्ये सेव्ह केली की दर वेळी आणखी थोडा आवाज गाळला जातो.