ट्रकच्या सपाट चेहऱ्यामागचा कायदा

रेल्वे इंजिने आणि मोटारी १९३०च्या दशकातच वाऱ्याला वाट देणारी गोलाई मिरवू लागल्या होत्या. अमेरिकेचे मालट्रक मात्र पुढची चाळीस वर्षे भिंतीसारखा सपाट चेहरा घेऊनच धावत राहिले. हे कसे घडले?

अज्ञानामुळे नव्हे. १९५३ मध्येच मेरीलँड विद्यापीठाच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, ट्रेलमोबाइल कंपनीच्या ट्रेलरांची परीक्षा झाली होती. १९६६ मध्ये सॉन्डर्स या संशोधकाला केबिनच्या छतावर बसवायच्या वारा वळवणाऱ्या ढालीचे पेटंटही मिळाले. उपाय हाताशी होता. डिझेल स्वस्त असल्याने त्याची निकड कोणाला भासत नव्हती.

खरी मेख कायद्यात होती. अनेक राज्यांनी मर्यादा घातली होती ती संपूर्ण वाहनाच्या लांबीवर, केबिन धरून. केबिनपुढे इंजिनाचे लांब नाक ठेवले, तर तेवढी मालाची जागा गेली. म्हणून उत्पादकांनी नाकच कापले आणि चालकाला थेट इंजिनावर बसवले. फुटाफुटाचा हिशेब जुळला, वाऱ्याचा मात्र कोणी मांडलाच नाही.

तो हिशेब साधा नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या पटीत. ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ९० किलोमीटरच्या वेगाने सपाट रस्त्यावर धावणाऱ्या अशा ट्रकची जवळपास निम्मी शक्ती केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. तीन डॉलरच्या आसपासचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी ५५ मैलांच्या देशव्यापी वेगमर्यादेवर स्वाक्षरी केली. मैलागणिक मोबदला मिळवणाऱ्या ट्रकमालक-चालकांना हा दुहेरी फटका होता: डिझेल महाग आणि दिवसाचे मैल कमी. डिसेंबरमध्ये त्यांनी महामार्ग अडवले होतेच. फेब्रुवारीत संप पुकारला.

याच सुमारास एडविन सॉल्ट्झमन हे नासाचे अभियंते मोहावी वाळवंटातून सायकलने कामावर जात असत. शेजारून ट्रक गेला की आधी हवेचा लोट त्यांना रस्त्याबाहेर ढकले आणि मागोमाग ट्रकच्या पाठीमागची पोकळी त्यांना रस्त्याकडे ओढून घेई. विमानांचा वायुविरोध मोजणाऱ्या माणसाला यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता हवा होता!

नासाच्या त्या केंद्रात एका जुन्या व्हॅनवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचे मुद्दाम काटकोनी खोके बनवण्यात आले. प्रयोगाची रीतही विलक्षण साधी: गाडी वेगात आणायची, गिअर काढायचा आणि ती किती वेळात मंदावते ते मोजायचे. कडा गोलाकार केल्यावर हवेचा विरोध ५४ टक्क्यांनी घटला. आतली जागा जेमतेम ३ टक्के कमी झाली. इतकी वर्षे ज्या जागेसाठी इंधन उधळले, तिची किंमत ही एवढीच.

तरीही ट्रकला नाक परत मिळाले ते १९८२ नंतर. त्या वर्षीच्या संघीय कायद्याने प्रमुख महामार्गांवर अशा ट्रकच्या एकूण लांबीवर मर्यादा घालण्यास राज्यांना मनाई केली. केबिन कितीही लांब असो, मालाची जागा आता शाबूत राहणार होती. १९८५ मध्ये केनवर्थ कंपनीने उतरत्या नाकाचा टी-६०० बाजारात आणला आणि आपल्याच जुन्या प्रारूपापेक्षा २२ टक्के अधिक इंधनकार्यक्षमतेचा दावा केला. चालकांनी त्याला ‘मुंगीखाऊ’ म्हणून हिणवले. पुढे तेच नाक इतर कंपन्यांच्या ट्रकांवरही दिसू लागले.

मागचा ट्रेलर मात्र खोकेच राहिला. कारण पुन्हा हिशेबाचेच: ट्रेलर बहुधा एकाच्या मालकीचा असतो, आणि डिझेलचे पैसे भरतो दुसराच. ट्रेलरच्या पोटाखालून घुसणारा वारा अडवणारे पडदे लांब ट्रेलरांना लावण्याची सक्ती करणारा नियम कॅलिफोर्नियाने संमत केला तो डिसेंबर २००८ मध्ये.