दुसऱ्या पसंतीचा कौल

चंदीगडच्या एकाच विधानभवनात पंजाब व हरियाणा यांच्या विधानसभा भरतात. तेथील आमदारांना राष्ट्रपती निवडता येतो. आम्हां नगरवासीयांचा वाटा आमच्या एकुलत्या खासदारापुरता.

१९६९ साली इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत देण्यास सांगितले, तेव्हा अनेक काँग्रेसजनांचे मन द्विधा झाले : पक्षाचे संजीव रेड्डी, की गिरी? तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे! (मी तरी तिथेच अडखळलो असतो.) गिरींचे पहिल्या पसंतीचे मतमूल्य ४,०१,५१५ भरले, हवे होते ४,१८,१६९. मग देशमुखांसह मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहिली गेली. तिचा मोठा ओघ रेड्डींकडे वळला, तरी ते ४,०५,४२७ वरच थांबले. गिरींच्या पदरी १८,५६२ पडले, आणि तेवढे पुरले.