ज्यांना मत नाही, त्यांची गणना : प्रा. सॅम्युएल प्रेस्टन यांचे संशोधनकार्य

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्यासमोर प्रथम वाढती तोंडे आणि अपुरे अन्न असेच चित्र उभे राहते. माणसे कमी झाली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अधिक येईल, असा सर्वसाधारण समज आहे. या समजाला आकडेवारीच्या आधारे धक्का देणारे अभ्यासक म्हणून अमेरिकेतील लोकसंख्याशास्त्रज्ञ प्रा. सॅम्युएल प्रेस्टन यांचे नाव घ्यावे लागेल.

प्रेस्टन यांचा जन्म १९४३ साली झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९६८ मध्ये डॉक्टरेट मिळविल्यानंतर पुढे त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी निरनिराळ्या देशांचे दरडोई उत्पन्न आणि तेथील सरासरी आयुर्मान यांचा संबंध मांडला. हा आलेख आज ‘प्रेस्टन वक्ररेषा’ या नावाने ओळखला जातो. गरीब देशात उत्पन्न थोडे वाढले तरी आयुर्मान बरेच वाढते; श्रीमंत देशात मात्र तेवढ्याच वाढीचा परिणाम अल्प असतो. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, १९३० ते १९६० या दशकांदरम्यान जगाचे आयुर्मान जे वाढले, त्यातील बहुतांश वाढ केवळ उत्पन्नामुळे झालेली नव्हती. रोगप्रतिबंधक उपाय आणि सार्वजनिक आरोग्यसेवा यांचा त्यात मोठा वाटा होता. देश श्रीमंत होईपर्यंत मुलांना वाचविण्याचे काम थांबवून ठेवण्याचे कारण नाही, असाच याचा अर्थ होतो.

बालदारिद्र्याविषयीचा त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध १९८४ सालचा आहे. ‘पॉप्युलेशन असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संस्थेचे अध्यक्ष या नात्याने केलेल्या भाषणात त्यांनी मुले आणि वृद्ध यांच्या स्थितीची तुलना केली. १९६० ते १९८० या काळात अमेरिकेत मुलांची संख्या घटली होती, तर ६५ वर्षांवरील व्यक्तींची संख्या निम्म्याहून अधिक वाढली होती. तेव्हा मुलांचे बरे चालावे आणि वृद्धांचे हाल व्हावेत, अशी अपेक्षा होती. घडले नेमके उलट. १९७० साली वृद्धांपैकी २४ टक्के आणि १४ वर्षांखालील मुलांपैकी १६ टक्के दारिद्र्यात होती. १९८२ पर्यंत वृद्धांमधील प्रमाण १५ टक्क्यांवर आले आणि मुलांमधील २३ टक्क्यांवर गेले.

असे का व्हावे? वृद्धांना मताधिकार आहे. त्यांच्या निवृत्तिवेतनाला त्यांच्या प्रौढ मुलांचाही पाठिंबा असतो, कारण त्यामुळे त्यांच्यावरील भार हलका होतो. शिवाय आज तरुण असलेला प्रत्येकजण उद्या वृद्ध होणार असतो. मुलांना मात्र मत नसते, आणि कोणीही पुन्हा मूल होत नाही. त्यातच घटस्फोट वाढले, अनेक मुलांना वडिलांचा आधार उरला नाही, आणि कुटुंबाने सोडलेली जागा शासनाने भरून काढली नाही.

या मांडणीवर टीकाही झाली. वृद्धांना मिळाले ते मुलांच्या ताटातूनच काढून घेतले, असे सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. वृद्ध आणि बालके या दोघांचीही उत्तम काळजी घेणारे देश युरोपात आहेत. तथापि शासकीय खर्चाचा लाभ कोणत्या वयाच्या व्यक्तींना किती मिळतो, हा प्रश्न या निबंधामुळे सार्वजनिक चर्चेत आला आणि आजही विचारला जातो.

१९९१ साली मायकेल हेन्स यांच्यासह लिहिलेल्या ‘फेटल इयर्स’ या ग्रंथात प्रेस्टन यांनी १९०० च्या अमेरिकी जनगणनेवरून बालमृत्यूंचा अभ्यास केला. त्या काळी खुद्द डॉक्टरांच्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाणही सर्वसाधारण प्रमाणापेक्षा थोडेच कमी होते. रोग कसे पसरतात याचे ज्ञान तेव्हा घरोघरी पोहोचले नव्हते. पैसा आणि शिक्षण असूनही त्यांचा मुलांना पुरेसा उपयोग झाला नाही.

या कार्याचा भारताशीही संबंध आहे. १९८४ मध्येच प्रेस्टन यांनी पी. एन. मारी भट यांच्यासह भारतातील जन्म व मृत्यूच्या प्रमाणातील बदलांवर निबंध प्रसिद्ध केला. मारी भट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातूनच डॉक्टरेट मिळविली आणि पुढे ते मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे संचालक झाले. २००७ साली त्यांचे निधन झाले.

प्रेस्टन यांनी उपस्थित केलेला प्रश्न जुना झालेला नाही. २०२१ साली अमेरिकेने मुलांसाठीची करसवलत तात्पुरती वाढविली आणि त्या वर्षी पूरक दारिद्र्यमापनानुसार बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांपर्यंत उतरले. ती वाढ संपताच २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले. बालदारिद्र्य हे अटळ नसते, ते समाजाच्या निर्णयाने घटते आणि वाढतेही, हेच यावरून दिसते. तो निर्णय घेताना मुले सभागृहात नसतात. त्यांची आठवण मोठ्यांनीच ठेवावी लागते.