फ्लिप सीट (गोल्फ कार्ट)

गोल्फ कार्टच्या पाठीमागे जोडलेले, मागे तोंड करून बसण्याचे आसन. उलटवले की त्याचाच सामान ठेवण्याचा सपाट तक्ता होतो. मूळ गोल्फ कार्ट दोन माणसांची असते आणि तिच्या मागच्या जागेत गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्या उभ्या बांधतात. ही गाडी मैदानाबाहेर पडून रिसॉर्ट, फार्महाऊस आणि कारखान्यांच्या आवारात फिरू लागली, तेव्हा पिशव्यांच्या जागी कधी आणखी दोन माणसे, तर कधी गॅस सिलिंडर, पाण्याचे कॅन किंवा खताच्या गोण्या नेण्याची गरज पडू लागली. एकाच जागेचे हे दोन उपयोग फ्लिप सीटमुळे साधतात. आपल्याकडे या गाडीला ‘बग्गी’ किंवा ‘बॅटरीगाडी’ म्हणतात. मोठ्या रेल्वे स्थानकांवर ज्येष्ठ प्रवाशांसाठी धावणाऱ्या बॅटरीगाड्यांनाही अनेकदा मागे तोंड असलेली बाकाची रांग असते, पण ती सहसा पक्की असते.

तयार आसनांचे संच मिळतात, पण ते विशिष्ट गाड्यांच्या मापाचे असतात. जुनी किंवा वेगळ्या बनावटीची गाडी असेल, तर आसन बनवूनच घ्यावे लागते. रायगड जिल्ह्यातल्या भिसेगाव, कर्जत, खोपोलीसारख्या गावांत ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे असते त्या सामग्रीत हे काम होते: कटर, वेल्डिंग मशीन, ड्रिल आणि चौकोनी पाइप. कारागिरी अवघड नाही. चूक होते ती वजनाचा आणि चढाचा हिशेब न केल्याने.

रचना : आसनाचे चार भाग असतात. गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेली मुख्य चौकट, तिच्यावर बिजागऱ्यांनी बसवलेली बैठक, पाठ आणि खाली पायदान. बिजागऱ्या बैठकीच्या बाहेरच्या, म्हणजे बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडच्या कडेला असतात. बैठक उचलून १८० अंशांत बाहेर उलटवली की गादी खाली जाते आणि तिच्या पोटाला लावलेला चेकर प्लेटचा पत्रा वर येतो. तो पायदानावरून उठवलेल्या हातकठड्याच्या आधाराने टेकतो. गादीखालच्या मोकळ्या चौकटीवरही पत्रा असला, की दोन्ही मिळून सलग तक्ता होतो. दोन माणसांसाठी बैठकीची रुंदी सुमारे १ मीटर, खोली ४२० ते ४५० मिमी आणि पायदानापासून उंची ४०० मिमीच्या आसपास ठेवतात. दोन्ही स्थितींत बैठक कडी किंवा पिनेने पक्की व्हायलाच हवी. नुसत्या वजनावर टेकलेली बैठक खड्ड्यात उसळते आणि बोटे चिरडते.

वजन आणि चढ : मागच्या आसनावरची माणसे मागच्या आसाच्याही मागे बसतात. दोघांचे मिळून १५० किलो वजन आसापासून ६० सेंमी मागे आहे आणि दोन आसांमधले अंतर १.६५ मीटर आहे असे धरले, तर पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ५५ किलोने कमी होतो. गाडीत पुढे एकटा चालक असेल आणि ती चढावर असेल, तर पुढची चाके आणखी हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी हवी तशी वळत नाही. त्यातच बहुतेक गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. म्हणून मागे आसन बसवताना मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जादा भाराचे घालणे हा कामाचाच भाग समजावा. जुन्या पाट्यांवर आसन चढवले, तर गाडी मागे बसते आणि पायदान जमिनीला घासते.

दुसरा धोका बसणाऱ्याला असतो. मागे तोंड करून बसलेला माणूस ब्रेक लागला की पाठीवर दाबला जातो. त्यात भय नाही. गाडी झटक्याने सुटली की मात्र तो बाहेर फेकला जातो. चढावर ही ओढ सतत असते. दहास एक चढ असेल, तर ७० किलोच्या माणसाला सुमारे ७ किलोइतका जोर अखंड बाहेर खेचत राहतो. गोल्फचे मैदान बहुतांशी सौम्य उताराचे असते, त्यामुळे तिथे हे जाणवत नाही. कर्जत आणि खालापूरचा बराच मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे. टेकडीच्या उतारावर बांधलेल्या फार्महाऊसच्या आवारातही दहास एक चढ दुर्मीळ नाही. यावर उपाय स्वस्त आहे. बैठक पाठीकडे सुमारे ६ अंश खाली कललेली ठेवली, की दहास एक चढावरही बसणारा बाहेर घसरत नाही. ४३० मिमी खोलीच्या बैठकीत हा फरक जेमतेम ४५ मिमी भरतो. चौकटच कलती केली तर उलटवल्यावर तक्ता तिरका होतो. म्हणून चौकट सपाट ठेवून फोम पाचरीसारखा कापणे जास्त चांगले. गादीवाल्याला एवढे सांगितले तरी पुरते.

हातकठडा लावतात, पण तो पुरेसा नाही. दोन्ही हात मोकळे नसलेला माणूस, मांडीवर मूल घेतलेली आई किंवा पेंगुळलेला पाहुणा कठडा धरून बसत नाही. कमरेचा पट्टा हवाच. तो बैठकीला न बांधता मुख्य चौकटीला बांधावा, कारण बैठक बिजागरीवर आहे आणि झटक्यात तीच उचलली जाऊ शकते.

बांधणी : मुख्य आडव्यांना ४०×४० मिमीचा, २ मिमी जाडीचा आणि पायदानाला २५×२५ मिमीचा चौकोनी पाइप सोयीचा. चौकटीच्या कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या भराव्यात. खड्ड्यांच्या धक्क्यांनी वेल्डिंगला तडा जातो तो बहुधा कोपऱ्यातच. गाडीच्या सांगाड्यावर थेट वेल्डिंग करू नये. एम १० चे बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉनचे लॉकनट वापरून आसन जोडावे. पुढे ते काढताही येते. क्लब कारच्या गाड्यांचा सांगाडा अॅल्युमिनियमचा असतो. त्यावर लोखंड थेट टेकले आणि पाणी साचले, की सांध्यात अॅल्युमिनियम झिजू लागते. मध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी घातली की हे टळते.

बॅटऱ्या पुढच्या सीटखाली असतात. ४८ व्होल्टच्या गाडीत सहसा ८ व्होल्टच्या ६ लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन सुटतो. जवळ वेल्डिंगची ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून चौकटीचे वेल्डिंग गाडीपासून दूर करावे. गाडीवर मापे घेताना आणि भोके पाडताना बॅटरीची मुख्य तार सोडून ठेवावी. नव्या चौकटीमुळे पुढची सीट उचलण्यास अडथळा येणार नाही हेही आधीच तपासावे. बॅटऱ्यांत पाणी घालायला ती वरचेवर उचलावी लागते.

कर्जत परिसरात वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. साधा प्लायवूड दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत फुगतो. बैठकीला १२ मिमीचा मरीन प्लाय, ४० डेन्सिटीचा फोम आणि वरून जाड रेक्झिन वापरावे. प्लायला पाठीकडच्या खालच्या कडेने निचऱ्याची भोके पाडावीत. चौकोनी पाइपची तोंडे बंद करून तळाला एक बारीक भोक ठेवावे, नाहीतर पाइप आतून गंजतो आणि वरून रंग शाबूत दिसत राहतो. रंगापूर्वी रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमरचा हात आवश्यक.

कायदा : केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) नुसार ‘मोटार वाहन’ ठरत नाही. ही सवलत आवाराच्या फाटकापर्यंतच आहे. बग्गी पाहुण्यांना आणायला भिसेगावच्या रस्त्यावरून कर्जत स्थानकापर्यंत नेता येत नाही. नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करण्यावर कलम ५२ मर्यादा घालते; त्यामुळे नोंदणीकृत ई-रिक्षेला असे आसन परस्पर जोडणे बेकायदा ठरू शकते. ई-रिक्षा हा तीन चाकांचा स्वतंत्र वर्ग आहे. तिची मोटार ४,००० वॉटपर्यंत असते आणि तिला चालकाखेरीज ४ प्रवासी व ४० किलो सामान यांची मुभा आहे.

कर्जत तालुक्यातच असलेल्या माथेरानला माणसे आणि सामान नेण्याचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. मोटारगाड्यांना बंदी असलेले हे गाव २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. मोटारगाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याच्या पुढे प्रवासी आणि ओझी घोड्यांवरून, हमालांच्या डोक्यावरून आणि माणसांनी ओढायच्या रिक्षांतून जात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये तिथे प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. या कष्टातून माणसे सुटावीत यासाठी त्या चढांवर बॅटरीगाडी हवीच, मात्र तिथे मागे तोंड असलेले आसन नको.

आवारात अशी बग्गी चालवणाऱ्यांनी आसनाच्या पाठीवर ‘दोनच प्रवासी, पट्टा बांधा’ असे मराठीत ठळक लिहावे, चढावर मागे मुलांना बसवू नये, आणि पावसाळा संपला की बिजागऱ्यांचे बोल्ट एकदा पान्याने तपासावेत.