कर्कपेशींचा चयापचय व औषधांस होणारा प्रतिकार

घुग्घुसच्या खाणीतील कोळसा हवा कोंडली असता अर्धवट जळतो व धूर ओकतो. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञास १९२० नंतरच्या दशकात याहून चमत्कारिक गोष्ट आढळली. कर्कपेशी प्राणवायू मुबलक असतानाही ग्लुकोज अर्धवटच जाळतात व दुग्धाम्ल बाहेर टाकतात. पेशींचे श्वसन बिघडल्याने कर्करोग उद्भवतो, हा त्याचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. निरीक्षण मात्र टिकले.

या पेशींची रसदच तोडावी, या विचारास १९४८ मध्ये फळ आले. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने सिद्ध केलेले ॲमिनॉप्टेरीन हे औषध फॉलिक आम्लाची हुबेहूब नक्कल करून पेशीस फसविते. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ बालकांना दिले व १० जणांत सुधारणा दिसली. परंतु ती अल्पकाळच टिकली. रोग परतला की त्याच औषधास दाद देईना.

कारण उलगडण्यास तीस वर्षे लागली. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट ज्या विकरास अडविते, त्याच्या जनुकाच्या प्रती पेशी वाढविते, असे रॉबर्ट शिम्के व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखविले. विकर अनेकपट झाल्यावर तेवढेच औषध कसे पुरावे? त्यापूर्वी १९७६ मध्ये जुलियानो व लिंग यांना प्रतिकारक पेशींच्या आवरणात एक प्रथिन आढळले होते. ते औषध बाहेर उपसून टाकते, हे पुढे सिद्ध झाले. खाणीतील पाण्याच्या पंपाप्रमाणे या उपशासही इंधन लागते, आणि ते इंधन म्हणजे ए.टी.पी. हा पदार्थ १९२९ मध्ये ज्यांनी स्वतंत्रपणे शोधून काढला, त्यांत फिस्के यांच्यासह सुब्बारावच होते!

ॲस्पॅराजिनेजची कथाही अशीच आहे. हे औषध रक्तातील ॲस्पॅराजिन नष्ट करून रोगी पेशींस उपाशी मारते; जी पेशी तो पदार्थ स्वतः घडवू लागते, ती वाचते.

म्हणून एकाच वेळी अनेक वाटा अडवाव्यात, हा मार्ग उरला. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८४ च्या सुमारास सुरू झालेल्या एम.सी.पी. ८४१ या उपचारक्रमात वरील दोन्ही औषधे इतरांच्या जोडीने योजिली होती. पूर्वी पाचांत एखादेच मूल वाचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस निम्म्याच्या आसपास वाचू लागली. मात्र रक्त स्वच्छ दिसू लागल्यावरही गोळ्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात. घुग्घुससारख्या गावाहून नागपूर वा मुंबई गाठणाऱ्या कुटुंबास हाच काळ जड जातो. उपचार मध्येच सुटले तर शरीरात काही पेशी उरतात, आणि उरलेल्यांत औषध पचविण्यास शिकलेल्यांचाच भरणा असण्याचा संभव अधिक.