शाळा सुधारली, हे कशावरून?

१/ ऑक्टोबर २०२५. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. निवड जनमताने झाली होती. कौतुक रास्तच, परंतु एका शाळेला साधले ते शेकडो शाळांत साधते का, हा प्रश्न जुना आहे.

२/ २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम राज्यभर लागू झाला. चाचण्या झाल्या, शाळा ‘प्रगत’ ठरू लागल्या. मात्र सर्वच शाळा कार्यक्रमात आल्याने तुलनेसाठी बाहेरची शाळा उरली नाही. गुण वाढले, तरी श्रेय कशाचे हे ठरवणे त्यामुळे कठीण.

३/ तुलनेची काळजी मुंबईने आधी घेतली होती. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम मुंबई व वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या शाळांत राबवला गेला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील तरुणी वेगळे बसवून वाचन व अंकज्ञान शिकवत.

४/ दुसऱ्या वर्षाअखेर गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे शंभरांत पन्नासावे मूल साधारण अकरा जणांच्या पुढे गेले. उपक्रम संपल्यावर वर्षभरात ही वाढ ०.१० पर्यंत ओसरली. लाभ खरा होता, पण टिकवावा लागणारा होता.

५/ याउलट मध्य प्रदेशात संपूर्ण शाळाच सुधारण्याचा प्रयोग झाला. १,७७४ शाळांचे मूल्यमापन, श्रेणी, प्रत्येकीचा सुधारणा आराखडा. कार्तिक मुरलीधरन व अभिजित सिंग यांनी २०२० मध्ये निष्कर्ष मांडला: मूल्यमापने जवळजवळ सर्वत्र पूर्ण झाली, श्रेणीही विश्वसनीय होत्या, परंतु शाळेच्या कारभारात वा मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही.

६/ कारण? आराखडे आले, पण उत्तरदायित्व बदलले नाही. तरीही कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि देशातील सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत पसरला. ‘शाळा सिद्धी’चे रकाने महाराष्ट्रातील शिक्षकांनीही भरले.

७/ चाकणच्या कारखान्यांत रोजगारासाठी आलेल्या कुटुंबातील मुलाच्या हाती शाळेची मोजकीच वर्षे असतात. त्याला वाचता येऊ लागले का, हे श्रेणीपत्रक सांगत नाही. ते त्याच्यासमोर पुस्तक ठेवूनच कळते.